मोहक खल आणि फसलेले घर : मोलियेरपासून लखोबापर्यंत

मोलियेरच्या ‘तार्त्यूफ’ या नाटकात तार्त्यूफ पहिले दोन अंक रंगमंचावर येतच नाही. त्याच्याविषयी घरातील प्रत्येक जण बोलतो, भांडतो, त्याची बाजू घेतो किंवा त्याच्या नावाने बोटे मोडतो. परंतु तो स्वतः तिसऱ्या अंकात प्रवेश करतो. या विलंबाचे स्पष्टीकरण बहुधा रचनाकौशल्याच्या अंगाने दिले जाते आणि ते चुकीचे नाही. तथापि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या दोन अंकांत प्रेक्षकाला दिसते ते खलाचे मोहकपण नव्हे, तर त्या मोहकपणाने ज्याच्या बुद्धीचा ताबा घेतला आहे त्या ओर्गों या गृहस्थाचा चेहरा. बायको आजारी होती हे दासी दोरीन सांगत असताना ओर्गों पुनःपुन्हा तार्त्यूफचीच चौकशी करतो, आणि तार्त्यूफ भरपेट जेवला व गाढ झोपला हे ऐकून त्याची कणव करतो. या प्रवेशावर साडेतीनशे वर्षे प्रेक्षक हसत आले आहेत. हसे होते ते ओर्गोंचे. या नाटकात स्वतः मोलियेर ओर्गोंची भूमिका करीत असे. तार्त्यूफची भूमिका त्याने द्यु क्र्वाझी या नटाकडे सोपविली होती.

नाट्यसमीक्षेत ही नोंद सहसा तपशील म्हणून राहून जाते. पुढल्याच वर्षी, १६६५ मध्ये, ‘दों ज्युआं’ रंगमंचावर आले, तेव्हाही मोलियेरने नायकाची झुलीदार भूमिका ला ग्रांज या देखण्या नटाला दिली आणि स्वतः स्गानारेल हा भित्रा, बडबड्या, पगार थकलेला नोकर झाला. ‘स्कापँ’मध्ये त्याने लबाड नोकराची भूमिका स्वतः केली, हे मान्य केलेच पाहिजे, पण स्कापँ घर लुटत नाही, तरुणांची लग्ने जुळवून देतो. ज्या दोन नाटकांत खलाचे आकर्षण खरोखर धोक्याचे आहे, त्या दोहोंत नाटककार फसलेल्याच्या बाजूने उभा राहिला. त्याची सहानुभूती तिकडे होती, असे मी म्हणत नाही. ओर्गोंची तो यथेच्छ टिंगलच करतो. पण खलाच्या मोहकतेचे मोजमाप कोठे घ्यावयाचे, हे त्याला ठाऊक होते. ते मोजमाप फसलेल्याच्या अंगावर घ्यावयाचे असते.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो याच मोजमापाचा. मोहक खल नैतिकदृष्ट्या संदिग्ध असतो, असे आपण म्हणतो. मला ही संदिग्धता खलात फारशी आढळत नाही. तार्त्यूफ लबाड आहे, दों ज्युआं निर्दय आहे, याविषयी कोणत्याही शहाण्या प्रेक्षकाच्या मनात शंका नसते. संदिग्ध असते ते त्याला घरात घेणारे कुटुंब, आणि त्याहूनही संदिग्ध असतो तो तिकीट काढून त्याला पाहावयास आलेला प्रेक्षक.

‘तार्त्यूफ’चा पहिला प्रयोग १२ मे १६६४ रोजी व्हर्सायच्या उत्सवात, तीन अंकांच्या रूपात झाला आणि लगेच नाटकावर बंदी आली. १६६७ मध्ये बदललेल्या नावाने केलेला प्रयत्नही एका प्रयोगानंतर थांबविण्यात आला. ५ फेब्रुवारी १६६९ रोजी नाटक अखेर मोकळे झाले. धर्मनिष्ठांचा राग केवळ ढोंगी माणूस दाखविल्याचा नव्हता. ढोंगी माणूस धर्माची जी भाषा वापरतो ती खऱ्या धर्मनिष्ठाच्या भाषेहून वेगळी ओळखू येत नाही, ही त्यांची खरी अडचण होती. चौथ्या अंकात तार्त्यूफ एल्मीरला समजावतो की, स्वर्गाच्या आज्ञांशीही काही तडजोडी करता येतात, हेतू शुद्ध ठेवला की कृतीचा दोष धुऊन निघतो. पास्कालने १६५६-५७ मध्ये आपल्या पत्रांतून ज्या तर्कटी धर्मशास्त्रावर कोरडे ओढले होते, त्याचेच हे रंगमंचीय रूप.

आम्हां जबलपूरकरांना हा युक्तिवाद अपरिचित वाटण्याचे कारण नाही. याच शहरात आयुष्य घालविलेल्या हरिशंकर परसाई यांच्या ‘वैष्णव की फिसलन’ या व्यंग्यलेखातील धनिक वैष्णव प्रत्येक पायरीवर प्रभूला विचारतो, आणि प्रभू त्याच्या अंतःकरणातून प्रत्येक वेळी धंद्याला सोयीचेच उत्तर देतो. हॉटेलात आधी मांस येते, मग मद्य, मग पुढचे सारे. परसाईंना १९८२ मध्ये ‘विकलांग श्रद्धा का दौर’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते शीर्षकच ओर्गोंच्या रोगाचे निदान म्हणून वापरता येण्याजोगे आहे. परसाईंचा वैष्णव आणि मोलियेरचा तार्त्यूफ यांत मात्र एक मूलभूत अंतर आहे. तार्त्यूफ दुसऱ्याला फसवितो. वैष्णव प्रथम स्वतःला फसवितो. त्यामुळे परसाईंच्या लेखात ओर्गोंची जागा रिकामी राहते आणि तेथे वाचकाला बसावे लागते.

पुन्हा ‘तार्त्यूफ’कडे. या नाटकात खलाला ओळखणाऱ्यांत दोघी ठळक आहेत : दासी दोरीन आणि गृहिणी एल्मीर. दोरीनची जीभ तिखट आहे, पण तिच्याने काही होत नाही. एल्मीर मात्र डाव रचते. नवऱ्याला मेजाखाली लपवून ती तार्त्यूफला बोलते करते. खोकून खोकून खूण करते, तरी ओर्गों बाहेर येत नाही. हा प्रवेश प्रहसनाच्या टोकाला गेलेला असूनही त्यात एक भयंकर गंभीरपणा आहे : पत्नीची अब्रू पणाला लागलेली असताना नवरा अजून पुरावा पुरेसा झाला की नाही याची वाट पाहत आहे. येथे मोलियेरने स्त्रीला बुद्धी दिली आहे, धैर्य दिले आहे आणि त्या धैर्याचा एकटेपणाही दिला आहे. शेवटी राजाचा अधिकारी येतो आणि तार्त्यूफला अटक होते. हा शेवट ओढूनताणून आणलेला आहे, अशी टीका नेहमी होते. मला तो प्रामाणिक वाटतो. घराला स्वतःच्या बळावर खलाला हाकलता येत नाही. दानपत्र झालेले असते, कागदांची पेटी त्याच्या हाती गेलेली असते. वरून कोणी आले नसते तर ते कुटुंब रस्त्यावर आले असते.

‘दों ज्युआं’त खल पहिल्या अंकापासून समोर आहे, आणि तो खरोखर मोहक आहे. दुसऱ्या अंकात तो दोन शेतकरी मुलींना एकाच वेळी, एकमेकींसमक्ष, आळीपाळीने कानात सांगून झुलवितो. आपण हसतो. चौथ्या अंकात मस्यो दिमांश हा सावकार येणे वसूल करावयास येतो. दों ज्युआं त्याला खुर्ची देतो, मिठी मारतो, बायकोची प्रकृती विचारतो, ढोल वाजविणाऱ्या मुलाची विचारपूस करतो, घरचे कुत्रे अजून पाहुण्यांच्या पायाला चावते काय, हेही विचारतो. आणि दिमांशला पैशाचे नावही काढता न येता दाराबाहेर पोहोचविले जाते. मोहकता म्हणजे काय याचा इतका नेमका पाठ नाट्यवाङ्मयात मला अन्यत्र सापडलेला नाही. समोरच्याला तो स्वतः किती मोठा आहे असे वाटावयास लावणे, आणि त्या वाटण्याची किंमत त्याच्याच खिशातून काढणे, एवढाच तो व्यवहार आहे. दिमांश मूर्ख नाही. उमरावाने आपल्या कुत्र्याचे नाव लक्षात ठेवले याचे त्याला अप्रूप आहे. ज्या समाजात व्यापाऱ्याला उमरावापुढे बसावयाची सवय नव्हती, त्या समाजात खुर्ची हीच लाच ठरते.

तिसऱ्या अंकातील भिकाऱ्याचा प्रवेश सर्वांत अवघड. देवाची निंदा केलीस तर सोन्याचे नाणे देतो, असे दों ज्युआं अरण्यातल्या दरिद्री माणसाला म्हणतो. तो उपाशी मरणे पत्करतो, पण निंदा करीत नाही. तेव्हा दों ज्युआं नाणे देऊन टाकतो, देवाच्या नव्हे तर मानवतेच्या नावाने. हा उद्धटपणा की औदार्य? हरल्याची सारवासारव की नव्या विचाराची पहाट? पुढल्या शतकांतील वाचकांनी यात पुरोगामी दों ज्युआं शोधला आहे. मला एवढेच दिसते की, या एका प्रवेशात मोहकता चालत नाही. ज्याला खुशामत नको आहे आणि ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही नाही, अशा माणसापुढे दों ज्युआं प्रथमच पेचात सापडतो. हे नाटक पंधरा प्रयोगांनंतर बंद पडले. पुढे १६७७ पासून तोमा कोर्नेयने केलेले निरुपद्रवी पद्यरूपच रंगमंचावर चालत राहिले आणि मूळ संहिता एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला परतली. शेवटी पुतळा येतो, विजा कडाडतात, खल गडप होतो. आणि मागे उरलेला स्गानारेल आपल्या बुडालेल्या पगारासाठी आक्रोश करतो. न्याय झाला, पण देणे चुकते झाले नाही. मोलियेर स्वतः उभा राहून हे ओरडत असे, हे ध्यानात घेतले की त्या हशाचा रंग बदलतो.

या साऱ्यावर सर्वांत धारदार आक्षेप घेतला तो रूसोने, १७५८ च्या दालांबेरला लिहिलेल्या पत्रात. कंजूषपणा आणि व्याजखोरी हे दुर्गुण खरेच; पण बापाला लुटणाऱ्या, त्याला उलटून बोलणाऱ्या मुलाचा अपराध त्याहून मोठा नाही काय, आणि त्या मुलावर आपल्याला लोभ करावयास लावणारे नाटक म्हणजे दुर्वर्तनाची शाळाच नव्हे काय, असा त्याचा प्रश्न. हा प्रश्न ‘लाव्हार’ या नाटकाविषयी आहे. याच नाटकाचे आचार्य अत्रे यांनी ‘कवडीचुंबक’ या नावाने मराठी रूप केले. मराठी प्रेक्षकाने ते पोट धरून पाहिले, रूसोचा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा कोणी विचारला नाही.

का विचारला नाही, याचे उत्तर आपण मोलियेरकडून काय घेतले यात शोधावे लागेल. हरिभाऊ आपटे यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ केले. गोविंद बल्लाळ देवल यांचे १८९३ चे ‘फाल्गुनराव’, जे पुढे १९१६ मध्ये ‘संशयकल्लोळ’ झाले, आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकाच्या वाटेने मोलियेरच्या ‘स्गानारेल’पर्यंत पोहोचते. वैद्य, संशयी नवरा, कवडीचुंबक : ही सारी एकेका खोडीने पछाडलेली माणसे. त्यांना हसावे आणि घरी जावे. मोलियेरचा मोहक खल मात्र या आयातीत आला नाही. तार्त्यूफ आला असता तर त्याला मठ द्यावा लागला असता, आणि दों ज्युआंला कोणत्या जातीत बसवावे हा प्रश्न पडला असता.

आपल्यापाशी मोहक खल नव्हताच, असे मात्र नाही. शूद्रकाचा शर्विलक विद्वान ब्राह्मण आहे, चोर आहे आणि प्रेमिक आहे. घरफोडीचे शास्त्र तो कारागिराच्या अभिमानाने सांगतो आणि यज्ञोपवीताचा उपयोग मापाची दोरी म्हणून करतो. देवलांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले तेव्हा तो आपल्या रंगमंचावर सन्मानाने वावरू लागला. पण शर्विलकाची चोरी अखेर प्रेमाच्या आणि क्रांतीच्या खात्यात जमा होते. गडकऱ्यांचा तळीराम याहून धोकादायक. १९१९ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर महिनाभरातच रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त तळीरामाची मद्यमीमांसा प्रेक्षक इतकी चवीने ऐकतो की, सिंधूच्या घरात जे घडते त्यात त्या चवीचा वाटा आहे हे त्याला उमगत नाही. गडकऱ्यांना मात्र ते उमगले होते. म्हणून त्यांनी त्याच नाटकात सिंधू ठेवली. हसण्याचा हिशेब त्याच घरात, त्याच रात्री मागितला जातो. या एका बाबतीत गडकरी मोलियेरच्या जवळ आहेत, शेक्सपिअरच्या नव्हे, असे मला वाटते. रूढ मत वेगळे आहे याची मला जाणीव आहे.

मराठी रंगभूमीचा खरा दों ज्युआं मात्र ८ ऑक्टोबर १९६२ रोजी, दिल्लीत, आरोपीच्या पिंजऱ्यातून अवतरला. ‘तो मी नव्हेच’ हे अत्र्यांचे नाटक रूपांतर नव्हे. एका गाजलेल्या फसवणुकीच्या खटल्यावर ते आधारलेले आहे. मो. ग. रांगणेकरांची नाट्यनिकेतन ही निर्मितीसंस्था, मराठीत तोवर नवा असलेला फिरता रंगमंच आणि एकाच नटाच्या पाच भूमिका. प्रभाकर पणशीकर यांनी लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार आणि राधेश्याम महाराज ही पाचही रूपे उभी केली, आणि त्यांचा लखोबा हजारो प्रयोगांतून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. २०११ मध्ये ते निवर्तले तेव्हाही त्यांची पहिली ओळख लखोबा हीच राहिली.

ही नावे सावकाश वाचावीत. सैन्यातला अधिकारी, शास्त्री, संप्रदायाचा महाराज, दातार, परांजपे. ही रूपे लखोबाने हवेतून काढलेली नाहीत. उपवर मुलीचा मध्यमवर्गीय बाप रात्री अंथरुणावर पडून जी यादी करतो, तिच्यातून ती उचललेली आहेत. दों ज्युआंने दिमांशला जशी खुर्ची दिली, तसे लखोबाने प्रत्येक घराला त्याला हवे असलेले स्थळ दिले. ओर्गोंला घरात पुण्य हवे होते; येथे प्रतिष्ठा हवी होती. आणि न्यायासनापुढे मात्र आरोपी निपाणीचा तंबाखूचा व्यापारी होतो, सीमाभागातील बोलीत बोलतो, अडाणीपणाची झूल पांघरतो. यातील खोच अत्र्यांनी अचूक हेरली होती. शहरी माणसाला फसवावयाचे असेल तर परांजपे व्हावे, आणि शहरी माणसासमोर निर्दोष ठरावयाचे असेल तर लोखंडे. प्रेक्षकाचे दोन्ही पूर्वग्रह लखोबाच्या कामी येतात.

न्यायालय ही रंगभूमीच असते, हे जबलपुरात राहणाऱ्याला वेगळे सांगावयास नको. १९५६ पासून येथे मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय आहे, पण त्याच्या शंभरावर वर्षे आधी याच गावात स्लीमनने ठगांचे जबाब नोंदविले. १८३६ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या ठगांच्या बोलीच्या ग्रंथात ‘सोथा’ हा शब्द आहे. वाटसरूशी गोड बोलून, त्याचा विश्वास संपादून त्याला टोळीच्या सोबतीला आणणारा तो सोथा. गळ्याला रुमाल लावणारा वेगळा. या नोंदींवर वसाहतकालीन कल्पनांचे पुट किती चढले आहे, याविषयी इतिहासकारांत दीर्घकाळ वाद आहे आणि तो रास्तही आहे. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते एका वेगळ्या गोष्टीकडे. जबाब देणाऱ्याला श्रोता मिळाला की त्याच्या कथनात कसबाचा अभिमान उतरू लागतो. मेडोज टेलरने १८३९ मध्ये या साहित्यातून कादंबरी केली तेव्हा निवेदन ठगाच्याच तोंडी दिले. वाटसरूंपैकी कोणी निवेदक झाला नाही. होणार तरी कसा?

हीच गोष्ट मला ‘तो मी नव्हेच’मध्ये खटकते, आणि त्या नाटकाविषयीच्या माझ्या आदरासह ती नोंदविणे भाग आहे. लखोबा आपला बचाव स्वतः करतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेतो. फसविलेल्या स्त्रीला फसविणाऱ्याच्या प्रश्नांना भर न्यायालयात उत्तरे द्यावी लागतात, आणि त्याच्या हजरजबाबीपणावर प्रेक्षागृह हसते. त्या हशाच्या वाटेत कोण उभे असते? ज्या बाईने विश्वास ठेवला, ती. ओर्गोंला हसताना आपण घरातल्या सत्ताधाऱ्याला हसतो. मुलीचे लग्न, मुलाचा वारसा, घराचे दानपत्र सारे त्याच्या मुठीत असते. लखोबाच्या बळींपाशी अशी कोणती सत्ता होती? बहुतेकींनी तर स्थळही स्वतः निवडलेले नव्हते. विनोदाचा भार येथे चुकीच्या खांद्यावर पडतो.

अत्र्यांचा हेतू हा नव्हता, हे निःसंशय. त्यांना समाजाला सावध करावयाचे होते, आणि लग्नाच्या बाजारातील भोळेपणावर त्यांनी आयुष्यभर प्रहार केले. संहितेत बळी पडलेल्यांचे दुःख आहे. ते वाचताना जाणवते. मात्र प्रयोगात एक वेगळाच हिशेब सुरू होतो. पाच रूपे, क्षणात बदलणारी वेशभूषा, क्षणात बदलणारा आवाज : प्रेक्षक टाळी देतो ती पणशीकरांना, परंतु ती जमा होते लखोबाच्या खात्यावर. नटाचे कसब आणि ठकाचे कसब येथे एकच आहे, आणि या एकपणामुळे प्रेक्षकाची सदसद्विवेकबुद्धी सुखाने झोपी जाते. आपण गुन्ह्याचे नव्हे, कलेचे कौतुक करीत आहोत, अशी तिची समजूत घालता येते. मोलियेरने फसलेल्याची भूमिका स्वतःकडे का ठेवली असावी, याचे उत्तर मला येथे मिळते. त्या मंडळीतील सर्वांत मोठा नट ओर्गों किंवा स्गानारेल असल्यामुळे प्रेक्षकाची नजर खलाकडून पुनःपुन्हा त्याच्या बळीकडे ओढली जात असे. मराठीत सर्वांत मोठा नट लखोबा झाला आणि नजरेला परतावयास जागा उरली नाही. या नाटकात एल्मीर नाही. साक्षीदार पुष्कळ आहेत.

दों ज्युआंने टाकलेली एल्वीर चौथ्या अंकात परत येते, बुरखा घेऊन. तिला आता राग नाही. त्याने स्वतःला वाचवावे एवढीच तिची विनवणी आहे. ती गेल्यावर दों ज्युआं स्गानारेलला सांगतो की, तिचा विस्कटलेला वेश आणि तिचे अश्रू पाहून विझलेल्या आगीत थोडी धग पुन्हा जागी झाली. आणि लगेच जेवण वाढावयास फर्मावतो. या क्षणी प्रेक्षागृहात कोणी हसत नाही. तोवर दों ज्युआंवर लुब्ध असलेल्या प्रेक्षकाला, आपणही एल्वीरच्या अश्रूंकडे तशाच चवीने पाहत होतो काय, हा प्रश्न टाळता येत नाही. मोलियेरला त्यासाठी उपदेशाचे एकही वाक्य लिहावे लागले नाही. एल्वीरला तिचे बोलणे पूर्ण करू देणे पुरेसे झाले.

फिरत्या रंगमंचाची गंमत अशी की, तो हे पूर्ण होऊ देत नाही. साक्ष सुरू होते, रंगमंच फिरतो, सांगितलेली घटना डोळ्यांपुढे घडू लागते; आणि त्या घटनेत मध्यभागी उभा असतो तो लखोबा, नव्या वेशात, नव्या आवाजात. सांगणारी बाई आपल्याच आठवणीत दुय्यम पात्र होते. रंगमंच पुन्हा फिरून न्यायालयापाशी येतो तेव्हा प्रेक्षक पुढच्या वेशाची वाट पाहत असतो, आणि ती पिंजऱ्यातून केव्हा उतरली हे बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही.